नान खलिया आणि घरचा रस्सा

संभाजीनगरला येऊन नान खलिया (मटणाचा रस्सा अन् नान) न खाता जाणाऱ्या माणसाचं मला खरंच कळत नाही. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा फौजेसोबत हे जेवण इकडं आलं असं सगळे सांगतात, ते असो, आपल्याला खाण्याशी मतलब. रस्सा पातळ, वर लालभडक तर्री, आणि नान तंदूरमधली जाड पिवळसर, ती बोटभर बुडवून ठेवायची अन् मऊ पडली की उचलायची. गर्दी वाढली की काही ठिकाणी रश्श्यात पाणीपण वाढतं, म्हणून मी लवकर जातो.

घरी मात्र रश्श्याला येसरच (भाजलेली धान्यं, डाळी अन् मसाल्याचं पीठ) लागतो बाबा! कांदा अन् खोबऱ्याची वाटी डायरेक्ट गॅसवर काळी होईपर्यंत भाजायची, मटण आधी हळद, मीठ, आलं-लसणात शिजवायचं, त्यातलं अळणी पाणी पोरांना वाटीत काढून द्यायचं (अर्धी वाटी मीच पितो), मग वाटण तेल सुटेस्तोवर परतायचं आणि रस्सा उकळला की येसर पाण्यात कालवून सोडायचा. गुठळ्या झाल्या तर बोंबला. सोबत ज्वारीची भाकरी, कुस्करून. चपातीसोबत खाणाऱ्यांनी आपलं वेगळं ताट घ्यावं.