पांढरीवर नांगर

आपल्याकडे गावाची जमीन दोन तऱ्हेची. पांढरी वस्तीची, काळी पिकाची. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या पाइक काउंटीत २००५च्या उन्हाळ्यात मी उत्खननाला होते, तिथे अख्ख्या पांढरीवर नांगर फिरला होता. न्यू फिलाडेल्फिया नावाचं गाव डोळ्यांना कुठेच दिसत नव्हतं. गवत, थोडा उतार, पलीकडे मका.

आमचा खड्डा ५ फूट बाय ५ फूट. वरचा फूटभर थर नांगराने कितीदा तरी उलथलेला, त्यामुळे खापरं नखाएवढी. दोन आठवडे मी तेच चाळत होते: गंजके खिळे, काच, चिनीमातीच्या कपच्या. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी घालायची. ब्लॉक अमुक, लॉट तमुक. हात आपोआप लिहायचा.

त्या दुपारी नांगरटीचा थर संपला आणि खालच्या पिवळट मातीत एका कोपऱ्यात गडद डाग उमटला. आधी ओल वाटली. पाणी शिंपडून थापीने हलकेच खरवडलं, तर डागाची कड सरळ निघाली. अशी कड माणसाच्याच हातची. घराखाली धान्य-भाजी ठेवायला खणलेला खड्डा होता तो, आणि त्याच्या तळापर्यंत नांगर पोचला नव्हता. आम्ही चौघं गुडघ्यांवर बसून नुसतं बघत राहिलो.

“नकाशावर घे,” आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या आणि त्यांनी १८३६च्या गावठाणाच्या नकाशाची प्रत पुढे केली. चिठ्ठ्यांवर मी जे आकडे लिहीत होते, तेच त्यावर होते. ते आमचे नव्हतेच. हे गाव वसवणाऱ्या फ्रँक मॅकवर्टर यांचे होते.

त्यांची हकिगत मी आधी वाचली होती. १७७७चा जन्म, साउथ कॅरोलायनात, गुलामीत. पुढे केंटकीत मालकाचं काम उरकून उरलेल्या वेळात ते सोरा, म्हणजे बंदुकीच्या दारूत लागणारा क्षार, तयार करून विकत. १८१७ साली साठलेल्या ८०० डॉलरांत त्यांनी आधी पत्नीला, लूसीला सोडवलं. स्वतःला नाही. लूसी गरोदर होती, आणि कायद्याने मूल आईच्या पायरीवर जन्माला यायचं. म्हणून स्क्वायर जन्मला तो स्वतंत्र. स्वतःचे ८०० डॉलर फ्रँकनी दोन वर्षांनी भरले.

मग इलिनॉयात येऊन ४२ एकरांत १४४ लॉट, म्हणजे घरांचे प्लॉट, पाडले, सरकारदरबारी नोंदवले. कृष्णवर्णीय माणसाने रीतसर आखून नोंदवलेलं अमेरिकेतलं हे पहिलं ज्ञात गाव. लॉट विकायचे आणि त्या पैशांतून मागे राहिलेली मुलं-नातवंडं विकत घ्यायची. आपलीच लेकरं विकत घ्यायची! स्वतः धरून १६ माणसं त्यांनी सोडवली. १८५४ मध्ये ते गेले, तरी मृत्युपत्रात उरलेल्या नातवंडांसाठी तरतूद होती.

गावात काळे-गोरे शेजारी राहत. खापरांवरून कुठलं घर कोणाचं, ते ओळखता येत नाही. १८६९ मध्ये रेल्वे गावाला वळसा घालून गेली आणि माणसं हळूहळू पांगली.

संध्याकाळी डागातली माती वेगळ्या पिशवीत भरली. चिठ्ठीवर घाम पडून शाई फुटली. मी दुसरी चिठ्ठी घेतली आणि ब्लॉक, लॉट, दोन्ही आकडे सावकाश लिहिले.