तारे आपटणारी

"इतकं शिकून कॉम्प्युटरवर तारे आपटतेस म्हणे! हे खूळ शिरलं कुठून?" प्रत्येक लग्नात हेच. हिंगोलीजवळच्या औंढा नागनाथला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारं यंत्र, मंजूर झाल्यापासून वर पुरवणी: "मग आता हिंगोलीलाच ये की!" अहो, ते यंत्र लहरी ऐकणार. कुठल्या टकरीची लहर कशी असेल, ते मी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काढते. त्याला गाव नाही, क्लस्टर लागतो, म्हणजे एकत्र जोडलेले पुष्कळ कॉम्प्युटर.

तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते. फेब्रुवारी २०१६ मध्ये पहिल्या लहरीची बातमी आली, तेव्हा मी बारावीच्या पेपरांत बुडालेली. वाचलीसुद्धा नाही. मुलाखतींत मात्र 'त्या बातमीने भारावले' असं ठोकत आले. एमएस्सीला प्रयोगात माझा हात चालेना, कोड जमायचा, आणि एका सरांकडे जागा होती. एवढंच.

कॉम्प्युटरवर कृष्णविवरांची टक्कर घडवायचा पहिला प्रयत्न १९६४चा. दोन विवरं एकमेकांभोवती फिरून एक होईपर्यंत कोड तग धरायला २००५ उजाडलं. तरी तिथे निदान सगळी पोकळी. मी आपटते त्या न्यूट्रॉन ताऱ्यात पदार्थ येतो: सूर्याहून जास्त वस्तुमान, त्रिज्या दहा-बारा किलोमीटर, आणि आत नक्की काय आहे यावरच वाद.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी टकरीनंतरच्या लहरीच्या आलेखात मला तीन हजार हर्ट्झजवळ एक जादाचं टोक दिसलं. सात महिने मी त्याच्यावर जगले. आईला फोनवर सांगितलं, पोस्टर छापलं. गटाच्या बैठकीत एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारलं, "ग्रिड दुप्पट बारीक करून पाहिलंस?" ग्रिड म्हणजे गणितासाठी अवकाशाचे पाडलेले खाने. नव्हतं पाहिलं. तिन्ही दिशांना दुप्पट खाने, काळाची पावलं निम्मी, म्हणजे सोळापट खर्च. क्लस्टरवर तेवढे तास नाहीत, असं मी म्हणाले. ते खरंच होतं. पण तास मी मागितलेही नव्हते, हेही खरं.

शेवटी मागितले. पाच आठवड्यांनी रन, म्हणजे ते गणित, संपला. टोक सरकलं होतं. आणखी बारीक केल्यावर गेलंच. तारा नव्हे, माझी ग्रिड वाजत होती. त्या रात्री पोस्टरची गुंडाळी कपाटामागे सारली. आईला महिनाभर सांगितलं नाही.

तेव्हाच्या मला आज म्हणते, आधीच मागायचे होतेस. ती म्हणते, टोक नसतं तर सात महिने टिकली असतीस का? यावर आमचं अजून भांडण आहे.

परवा वेगळ्याच रनमध्ये पुन्हा एक टोक दिसलंय. बारीक ग्रिडवाला रन रांगेत लावलाय. आईला अजून बोलले नाही.