तुम्ही विचारलंत म्हणून: रक्त किती लागेल?

"ताई, रक्ताच्या किती बाटल्या लागतील?"

हे मला लिफ्टमध्ये विचारतात, ओटीच्या दाराशी विचारतात, आणि एकदा तर दांडिया बाजारात एका ओळखीच्या काकांनी गवारीची पिशवी हातात धरून विचारलं होतं. त्यांच्या व्याह्यांचं बायपास ठरलं होतं. बडोद्यात मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की तो आधी मूळ गाव विचारतो, मग काम काढतो. मी परफ्युजनिस्ट. हृदयाचं ऑपरेशन चालू असताना हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र मी चालवते. सासूबाई लोकांना सांगतात, "आमची सून पंप चालवते," आणि ऐकणाऱ्याला वाटतं पेट्रोलचा.

तर आकडा आधी सांगता येत नाही. तो कशाने वाढतो ते मात्र सांगता येतं, आणि त्यातलं एक कारण तुमच्याच घरातल्या गोळ्यांच्या डब्यात असतं. त्याच्याकडे येतेच, पण आधी माझ्या पंपाचं ऐका.

परक्या वस्तूला लागलं की गोठायचं, हा रक्ताचा स्वभाव. विळीवर बोट कापलं तर हाच स्वभाव आपल्याला वाचवतो. माझ्या यंत्रात मात्र सगळंच परकं: प्लास्टिकच्या लांबच लांब नळ्या, रक्तात ऑक्सिजन मिसळणारा ऑक्सिजनेटर, आणि त्यातून मिनिटाला चार-पाच लिटर रक्त फिरणार. म्हणून पंप सुरू करण्याआधी हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, द्यायचं, वजनाच्या किलोमागे 300 ते 400 युनिट. साठ किलोच्या माणसाला 18,000 ते 24,000. भूलतज्ज्ञ मोठ्याने म्हणतात, "हेपरिन दिलं." मी तितक्याच मोठ्याने तेच परत म्हणते. नव्या मुलांना हे नाटक वाटतं. पण ते दिलंय असं समजून पंप सुरू केला आणि ते गेलेलंच नसलं तर... यापुढचं वाक्य आमच्याकडे कुणी पुरं करत नाही.

नुसतं दिलं म्हणून भागत नाही, ते लागू पडलंय का तेही बघायचं. त्याची तपासणी म्हणजे एसीटी. छोट्या नळीत थोडंसं रक्त घ्यायचं, आत बोटाच्या पेराएवढं चुंबक. नळी यंत्रात गरगर फिरत राहते. रक्त पातळ आहे तोवर चुंबक तळाशी बसून असतं. गुठळी धरली की ती त्याला आपल्याबरोबर ओढून नेते आणि बीप वाजतो. एरवी हा बीप सव्वाशे सेकंदांच्या आसपास वाजतो. पंपावर जायला आम्ही बहुतेक ठिकाणी 480 च्या वरचा आकडा मागतो. सर्जन विचारतात, "एसीटी?" आणि हात जागेवर ठेवून थांबतात. 300. 350. त्या वेळी ओटीत सगळेजण बीप न वाजण्याची वाट बघत असतात.

कधी तो लवकर वाजतो. असाच एक पेशंट दुसरीकडून आला होता, तिथे आठवडाभर हेपरिनच्या ड्रिपवर होता. हेपरिन एकटं काही करत नाही, ते आपल्याच रक्तातल्या, गोठणं रोखणाऱ्या अँटिथ्रॉम्बिनला कामाला लावतं. आणि इतके दिवस ड्रिप चालली की तेच कमी पडायला लागतं. आम्ही आणखी हेपरिन दिलं, आकडा हलेना. शेवटी प्लाझ्मा दिला, त्यात अँटिथ्रॉम्बिन असतं, तेव्हा वर चढला. ड्रिपचा उल्लेख बरोबर आलेल्या कागदांत कुठेच नव्हता.

या हेपरिनचा जन्मही उलटाच. 1916 साली जे मॅक्लीन नावाचा बाल्टिमोरमधला वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. कुत्र्याच्या यकृतात त्याला सापडला तो न गोठू देणारा! आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्यातून काढतात, आणि त्याचा उतारा, प्रोटामिन, मूळचा सामन माशाच्या वीर्यातला. इथल्या शाकाहारी घरातल्या कुणी विचारलंच तर मी खरं तेच सांगते. एक आजी क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "बरं, पण सुनेला सांगू नका."

पंपाचं काम संपून प्रोटामिनची वेळ आली की मला सगळ्यात जास्त धास्ती. शंभर युनिट हेपरिनला साधारण एक मिलिग्रॅम, तेही हळूहळू. घाई केली तर बीपी धाडकन पडतं. "प्रोटामिन चालू" असं ऐकलं की मी पंपाची सक्शन बंद करते. छातीतलं प्रोटामिन मिसळलेलं रक्त माझ्या यंत्रात आलं तर ते तिथेच गोठेल, आणि पुन्हा पंपावर जायची वेळ आली तर हाताशी यंत्रच नसेल. जोडीला ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड दिलेलं असतं, धरलेली गुठळी विरघळू नये म्हणून. पाळीत फार जातं तेव्हा बायकांना देतात तेच हे. बाळंतपणात रक्त जाऊन दगावणाऱ्या बायकांसाठी काही सापडावं म्हणून जपानच्या डॉक्टर उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतींनी 1962 मध्ये ते जगापुढे आणलं.

नंतर आयसीयू. छातीतून निघालेल्या नळ्यांत किती रक्त आलं ते दर तासाला लिहितात. नातेवाईक काचेतून त्या बाटलीकडेच बघत असतात. जास्त आलं की घाबरतात हे बरोबरच. तासाला दोनशे मिली सतत येत राहिलं तर पुन्हा छाती उघडायचाही विचार होतो. पण अचानक काहीच येईनासं झालं की ते हात जोडतात, "थांबलं बाई एकदाचं!" आणि नेमकी तेव्हाच सिस्टर धावत येऊन नळी तपासते. रक्त थांबलं नसेल, नळीत गुठळी बसली असेल, आणि आतलं रक्त हृदयाभोवती साचून त्याला आवळत असेल.

आता गोळ्यांचा डबा. गेल्या वर्षी रावपुऱ्यातल्या एका मावशींचं बायपास होतं. मुलाला गौरी-गणपतीच्या आधी सगळं उरकायचं होतं. क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्त पातळ करायची एक गोळी, पाच दिवस आधी बंद करा, असं सांगितलेलं. त्याने शोधलं, त्या नावाची गोळी घरात नव्हतीच, म्हणून निर्धास्त झाला. आदल्या संध्याकाळी सिस्टरने डबा मागवला. त्यात कोलेस्टेरॉलची म्हणून रोज रात्री घेत असलेली एक कॅप्सूल होती. पाकिटाच्या मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत तीन औषधं: अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल. आदल्या रात्रीही घेतलेली. क्लोपिडोग्रेल गुठळी धरणाऱ्या प्लेटलेटला कायमचं निकामी करतं; ती प्लेटलेट मरून नवी यायची तर दिवस जावे लागतात, हेपरिनसारखा त्याला उतारा नाही. अ‍ॅस्पिरिनही प्लेटलेटला असंच निकामी करतं, तरी बायपासच्या पेशंटला ते बहुतेक वेळा चालूच ठेवतात. म्हणूनच "रक्त पातळ करायच्या सगळ्या गोळ्या बंद केल्या" असं कुणी अभिमानाने सांगितलं की मला अजून जास्त भीती वाटते. ज्यांच्या हृदयात धातूची झडप आहे त्यांनी तर मनाने एकही दिवस चुकवायचा नाही. कोणती, कधी, किती दिवस, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं.

ऑपरेशन पुढे ढकललं. मुलगा माझ्यावरच उखडला, मराठी म्हणून हक्काने: "ताई, तुम्ही तरी काही बोला ना साहेबांना! घरी गौरी यायच्यात." मी म्हटलं, येऊ देत, आई घरीच असतील.

आठवड्याने मावशींना टेबलावर घेतलं. सहा पिशव्या तयार ठेवल्या होत्या, लागल्या दोन. मी बाहेर येऊन सांगितलं. मुलाने बोटांवर हिशेब केला आणि विचारलं, "मग उरलेल्या चार बाटल्या?"

"रक्तपेढीत आहेत," म्हटलं. त्याचा विश्वास बसला नसावा. तो खाली विचारायला गेला.