कौतिक कोणाच्या शेतात निंदायला जाते?

कादंबरी वाचायला घेतली की मी आजकाल सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधते, हे लोक जगतात कशावर? म्हणजे घरातली चूल कोणाच्या पैशाने पेटते, जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि दर चार पानांनी जो चहा येतो तो करतं कोण. नावाजलेल्या कितीतरी मराठी कादंबऱ्यांत नायक दोनशे पानं प्रेमात असतो, मग निराश होतो, रात्र रात्र फिरतो, पण त्याला पगार किती हे शेवटपर्यंत कळत नाही. आणि त्याची खोली झाडणारी बाई एका वाक्यात येते अन् त्याच वाक्यात निघून जाते, बरेचदा तिला नाव पण नसते.

याला मार्क्सवादी समीक्षा वगैरे भारदस्त नाव आहे आणि त्यावर जाडजाड पुस्तकं आहेत, पण मुद्दा साधा आहे हो. माणसाची स्वप्नं, त्याची लाज, त्याचं लग्न, त्याची भांडणं, हे सगळं त्याच्या पोटापाण्याशी बांधलेलं असते आणि कष्ट एकाचे अन् फायदा दुसऱ्याचा असं जिथे आहे तिथे ती ओढाताण लिखाणात उतरतेच, लेखकाच्या मनात असो नसो.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घेते. उद्धव शेळकेंची 'धग', 1960 ची. अस्सल वऱ्हाडी बोलीतली, शिंप्याच्या घरातली कौतिक, नवरा महादेव धंद्यात टिकत नाही, पुढे त्याला महारोग होतो, आणि ती बाई राबून राबून घर ओढते. कॉलेजात आम्हाला ही 'एका सोशिक स्त्रीची करुण कहाणी' म्हणून शिकवली. मला तो शब्द आता सहन होत नाही, सोशिक. कौतिक सोसत नाही, ती सतत हिशेब करत असते, आज काम मिळालं तर काय शिजेल, पोराची शाळा कशी चालेल, उधारी कोण देईल. तिची शोकांतिका नशिबाची नाही, मजुरीच्या दराची आहे. कितीही राबलं तरी हातात उद्यापुरतं सुद्धा उरत नाही अशी ती व्यवस्थाच आहे, आणि शेळकेंनी कुठे भाषण न ठोकता ते दाखवलं म्हणून ही कादंबरी इतकी मोठी वाटते मला.

आता तिच्या बाजूला महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' हे नाटक ठेवा. तो पण विदर्भच, पण वाड्याच्या आतून दिसणारा. धरणगावकर देशपांडे, घरातले वडील तात्याजी वारलेत, मुंबईहून मुलगा सुधीर आलाय, आणि सगळ्या घरासमोर प्रश्न काय तर तेरवीला गावजेवण घालायचं की नाही, आणि घालायचं तर पैसा कुठून आणायचा. जमिनीचा जोर गेलाय पण इभ्रत सुटत नाही, अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतोय. बहीण प्रभाला शिकू दिलं नाही, भाऊ चंदू घरच्याच घरात गड्यासारखा राबतो. बघा ना, एका जेवणावळीच्या खर्चातून एलकुंचवारांनी अख्ख्या जमीनदार वर्गाची पडझड उभी केली. इकडे मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, 1951 मध्ये गेली, विदर्भाचा कूळकायदा 1958 चा, आणि ते कायदे माणसांच्या जेवणाच्या ताटापर्यंत, दागिन्यांच्या डब्यापर्यंत कसे पोचले हे मला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा या नाटकात जास्त कळलं.

ही दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कौतिकसारखी बाई ज्या शेतात निंदायला जाते ते शेत कोणाचं आहे? असल्याच एखाद्या वाड्याचं. वाड्यातल्या माणसांचं दुःख खरं आहे, मला दादीसाठी आणि प्रभासाठी खरंच वाईट वाटते, पण त्या वाड्याचे चिरे ज्यांच्या मजुरीतून बसले त्यांची चूल दिसायला मला 'धग'च उघडावी लागते. नुसतं एकच पुस्तक वाचणारा वाचक अर्ध्या गावालाच ओळखतो.

आमच्या वाचनगटात धरमपेठेतले एक काका आहेत, फार वाचलेले, त्यांना हे अजिबात पटत नाही. म्हणतात, "अगं पोरी, तू साहित्य वाचतेस का कोणाच्या वह्या तपासतेस? रस, शैली, माणसाचं मन, ते गेलं कुठे?" मी त्यांना एंगेल्सचं, म्हणजे मार्क्सच्या सहकाऱ्याचं, सांगितलं. एप्रिल 1888 मध्ये मार्गारेट हार्कनेस या लेखिकेला लिहिलेल्या पत्रात तो बाल्झाक या फ्रेंच कादंबरीकाराबद्दल बोलतो, की हा माणूस राजेशाहीचा समर्थक, त्याची सगळी सहानुभूती बुडणाऱ्या सरदार घराण्यांकडे, तरी त्याने त्यांची पडझड इतकी खरी लिहिली की त्या काळातले इतिहासकार, अर्थशास्त्रज्ञ आणि आकडेवारीवाले यांच्यापेक्षा जास्त एंगेल्स स्वतः त्याच्याकडून शिकला. म्हणजे वर्गाचा चष्मा लावून वाचणं म्हणजे लेखकाला पुरोगामी किंवा प्रतिगामी असा शिक्का मारणं नव्हे. तसे शिक्के मारणारे लेख मी पण वाचलेत आणि ते कंटाळवाणे असतात, त्यात पुस्तक कमी अन् निकाल जास्त. मला उलट वाटते की पैशाचा धागा धरला की माणसाचं मन जास्त नीट दिसते. वाड्यातला थोरला मुलगा भास्कर गावजेवणावर का अडून बसतो हे त्याच्या 'स्वभावा'तून नाही कळत, गावातली पत हीच त्याच्याकडे उरलेली शेवटची मालमत्ता आहे हे लक्षात आलं की कळते.

पण काकांना उत्तर देताना मला एक दुसरीच गोष्ट खटकत होती आणि ती जास्त महत्त्वाची आहे. युरोपातून आलेला हा चष्मा जसाच्या तसा आपल्याकडे लावला तर अर्धं दिसतच नाही. नागपुरात राहून तर हे विसरताच येत नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, आज त्या जागेवर मॉल आहे, लोक एसीत फिरतात. आणि याच शहरात 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर जे झालं ते नुसत्या 'कामगार' या शब्दात बसत नाही. बाबासाहेबांनी 1936 मध्येच लिहून ठेवलं होतं की जातिव्यवस्था ही श्रमाची नाही, श्रमिकांची विभागणी आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि बाकीच्या कामगारांना तो विटाळ वाटायचा. मालक एक, भोंगा एक, लाल बावटा एक, आणि तरी हे! बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार चळवळीतल्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमोर वारंवार मांडला.

म्हणून बाबूराव बागूलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963 चा संग्रह) ही कथा 'वर्ग' ही कल्पना शिकवताना पहिल्यांदा द्यावी असं माझं ठाम मत आहे. नायक रेल्वेत नोकरीला लागतो, जात लपवून राहतो आणि कळल्यावर त्याला मारहाण होते. मारणारे सावकार नाहीत, जमीनदार नाहीत, गिरणीमालक तर नाहीतच. तिथलेच लोक आहेत, त्याच्यासारखेच पगारावर जगणारे. अण्णाभाऊ साठे 1958 च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात म्हणाले होते की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे. कम्युनिस्ट चळवळीतल्या लाल बावटा कलापथकाचा माणूस, पण त्याने दलित आणि कष्टकरी दोन्ही शब्द घेतले, एकावर भागवलं नाही.

पुढच्या महिन्यात गटात सदानंद देशमुखांची 'बारोमास' घेतोय, शिकून सुद्धा नोकरी नसलेला, शेतीत अडकलेला एकनाथ. काका म्हणाले या वेळी सुरुवात मी करतो. मी त्यांना एवढंच सांगितलं आहे की काका, वाचताना बाजूला कागद घ्या आणि त्या घरात पैसा कुठून आला, कुठे गेला अन् घरातल्या बायांच्या हातात त्यातला किती राहिला ते लिहीत जा, मग रसाबद्दल सावकाश बोलू.