वायफाय फुल, नेट गुल

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही म्हणजे रामबागेतल्या माझ्या वहिनी, टिळकनगरचे भजनी मंडळातले काका, सुदामानगरात राहणाऱ्या ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणी, आणि या सगळ्यांकडून माझा नंबर मिळालेले बाकीचे. प्रश्न एकच असतो: "वायफाय तर फुल दाखवतंय, मग नेट का चालत नाहीये?" प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

मी कॉम्प्युटर शिकलेली नाही. माझी सगळी नोकरी इथल्याच, इंदूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, टेस्ट डेस्कवर झाली. तुम्ही १९८ फिरवून "फोन डेड आहे" म्हणायचात, ती तक्रार आमच्यापुढे यायची. लाइनमनला पाठवण्याआधी आम्ही जागेवरूनच तुमच्या तारेच्या जोडीला मीटर लावायचो. शॉर्ट आहे, अर्थ लागलाय म्हणजे जमिनीला टेकलीय, की मधेच तुटलीय. तुटली असेल तर आमच्याजवळ की तुमच्या घराजवळ, याचाही अंदाज यायचा. ते ठरलं की मगच लाइनमन खांबावर चढायचा. आता तांब्याच्या तारेच्या जागी काच, म्हणजे फायबरचा धागा आला, पण नेट गेलं की लोक थेट खांबावर चढायला निघतात. बटणं दाबतात, वायरी उपसतात, एकाने तर चांगला फोन फॉरमॅट करून टाकला. फॉल्ट घरात आहे की बाहेर, हे कोणी विचारतच नाही.

फोनवर जो वायफायचा पंखा दिसतो, तो फोन आणि घरातला राउटर यांच्यातलं बोलणं ठीक चाललंय एवढंच सांगतो. राउटरच्या पुढे काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो. इंदूरकरांना हे कळायला जड जाऊ नये. घरातली टाकी, पाइप, तोट्या सगळं जागच्या जागी असलं म्हणून नर्मदा येतेच असं नाही. १९७८ पासून ती तिकडे जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून येते. पंप तिथे बंद असला तर इथे तोटी कितीही पिळा.

मग फोन स्वतःहून "इंटरनेट नाही" असं कसं सांगतो? तो एक छोटी चाचणी घेतो. अँड्रॉइडचा फोन वायफायला जोडला की गूगलच्या एका ठरावीक पत्त्यावर विचारणा करतो आणि २०४ या क्रमांकाचं कोरं उत्तर यावं अशी अपेक्षा धरतो. विंडोजचा लॅपटॉप मायक्रोसॉफ्टकडून दोन-तीन शब्दांची एक फाइल मागवतो. ठरलेलं उत्तर आलं तर ठीक, नाही तर पंख्यावर उद्गारचिन्ह. म्हणजे ते चिन्ह "जग बुडालं" असं म्हणत नाही, "मी हाक मारली, हवी तशी ओ आली नाही" एवढंच म्हणतं. फोनची तारीख चुकलेली असली तरी ओ येत नाही, कारण सुरक्षित जोडणी तारीख पाहते. रिचार्ज संपलं असेल तर गूगलऐवजी कंपनीचं "पैसे भरा" हे पान उत्तर देतं, तेही चालत नाही. आणि भाच्याने जाहिराती बंद करायला फोनच्या सेटिंगमध्ये जो "प्रायव्हेट डीएनएस" (वेबसाइटच्या नावाचा आकडी पत्ता काढून देणारा सर्व्हर) भरून ठेवलाय, तो झोपला की बाकी सगळं धडधाकट असून तुमचा एकट्याचा फोन मुका होतो.

एकट्याचा. म्हणून माझा पहिला प्रश्न कायम हाच: घरात बाकीच्यांचं चालतंय का? याचं उत्तर दिल्याशिवाय मी पुढे बोलत नाही, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. दुसऱ्या फोनवर नेट चालत असेल तर राउटरला हात लावायचं कारण नाही. आपल्या फोनचं वायफाय बंद-चालू करा, तारीख बघा, व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवून आणणारं ॲप) असेल तर बंद करा, नेटवर्क "विसरा" म्हणून सांगून पासवर्ड नव्याने टाका. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

कोणाचंच चालत नसेल तर उठा आणि डब्यावरचे, म्हणजे बाहेरून फायबरची वायर ज्यात येते त्या यंत्रावरचे, दिवे बघा. हे काम लोकांना का नको असतं कोण जाणे. फायबरच्या डब्यावर दोन दिवे महत्त्वाचे: पॉन आणि एलओएस. पॉन हिरवा आणि स्थिर असेल तर कंपनीच्या यंत्राशी तुमचा डबा बोलतोय. लुकलुकत राहिला तर ओळख पटवायची खटपट चालू आहे. आणि एलओएस लाल झाला तर प्रकाशच येत नाहीये किंवा फार क्षीण येतोय. लाल दिव्यावर तुम्ही फोनमध्ये काहीही केलंत तरी फरक पडणार नाही. फॉल्ट त्या काचेच्या धाग्यात आहे.

हा धागा मला फार आवडतो, म्हणून जरा जास्त लिहिते. जाडी मिलिमीटरचा आठवा भाग, आणि ज्यातून प्रकाश धावतो तो गाभा त्याहून कितीतरी बारीक, ९ मायक्रॉनचा. तांब्याची तार मुडपली तरी बोलत राहायची. काचेला तीव्र वळण दिलं की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. दिवाळीच्या साफसफाईत कपाट दोन बोटं मागे सरकलं, वायर भिंतीशी चेपली, आणि "सगळं जसंच्या तसं आहे हो, आम्ही काहीच केलं नाही" असं सांगणारं घर इंदुरात मी बरंच पाहिलंय. तेव्हा आधी डब्यामागची पिवळी किंवा काळी बारीक वायर शोधा. कुठे दुमडली असेल तर सैल गोल करून सोडा. हिरव्या टोकाची पिन मात्र काढून पुसू नका, आणि आत डोळा लावून "लाइट येतोय का" तर मुळीच पाहू नका. तो प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

घरातली वायर नीट असूनही दिवा लालच असेल तर शेजारी विचारा, पण त्याच कंपनीचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याला. कंपनीकडून येणारा एक धागा स्प्लिटरमध्ये ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. सगळ्या गल्लीचं गेलं असेल तर तोड मागे, मोठ्या वायरवर आहे. रस्ता रुंद करताना जेसीबीने उचलली असेल नाही तर उंच ट्रकने खांबावरून ओढली असेल. तुमचं एकट्याचं गेलं असेल तर स्प्लिटरपासून तुमच्या घरापर्यंतच्या तुकड्यात. तुटलेला धागा जोडायला तांब्यासारखा पीळ देऊन चालत नाही, टोकं मशीनवर वितळवून जोडावी लागतात, म्हणून वेळ लागतो. कंपनीचा मुलगा येतो, मीटर लावतो आणि म्हणतो, "आंटीजी, डीबी ज्यादा आ रहा है." माझ्या वहिनी मग त्याला चहा देतात आणि मला फोन लावतात की डीबी म्हणजे काय. डीबी म्हणजे प्रकाश किती जोरात येतोय त्याचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. उणे २० च्या आसपास आकडा असेल तर निवांत राहा. उणे २७ च्या पलीकडे गेला की डब्याला ऐकू येईनासं होतं. दर तीन डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणून उणे २५ वर "चल रहा है ना" म्हणून निघून जाणाऱ्याला मी परत बसवते. पावसाळा लागला की तेच कनेक्शन पडणार.

पॉन हिरवा आहे आणि तरी सगळ्यांचंच नेट बंद, ही तिसरी तऱ्हा. इथे आधी रिचार्जची तारीख बघा. हसू नका, काकांच्या घरी दर वेळी हेच निघतं. पैसे भरलेले असतील तर डबा बंद करा. बऱ्याच कंपन्यांत तुमचा डबा नाव-पासवर्ड देऊन आत शिरतो. वीज एकदम गेली तर कंपनीच्या सर्व्हरला कधीकधी वाटतं की तुम्ही अजून आतच आहात, आणि तो दुसऱ्यांदा घेत नाही. म्हणून बटण खटकन बंद-चालू करण्यात अर्थ नाही. पाच-दहा मिनिटं बंद ठेवा, जुनी नोंद पुसली जाऊ द्या. वेगळा राउटर असेल तर आधी डबा चालू करा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, मग राउटर.

आणि ते टाचणीने दाबायचं भोक! त्याला हात लावू नका. रिस्टार्ट वेगळं आणि रिसेट वेगळं. रिसेटने डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो. कंपनीचं नाव-पासवर्ड, बाकीची जुळवणी, तुमच्या वायफायचं नाव, सगळं जातं. दहा मिनिटांचा फॉल्ट मग माणूस घरी येईपर्यंत लांबतो. व्हिडिओ बघून रिसेट करणाऱ्यांवर माझा विशेष राग आहे.

लॅपटॉप असेल तर फॉल्ट आणखी नेमका पकडता येतो, अगदी टेस्ट डेस्कवर बसल्यासारखा. पिंगची कमांड देऊन आधी राउटरला हाक मारायची, बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ असतो. मग ८.८.८.८ ला, हा गूगलचा सर्व्हर. मग एखाद्या वेबसाइटला नावाने. राउटरच ओ देत नसेल तर भानगड घरातली. राउटर बोलतो, ८.८.८.८ बोलत नाही, तर राउटरच्या पुढची. आकडा बोलतो आणि नाव बोलत नाही, तर लाइन चांगली आहे, नावांचे आकडे करून देणारा डीएनएस बिघडलाय, राउटरमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरलं की सुटतं. आणि लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही, त्याने आपला आपण लावून घेतलाय.

पत्ते वाटण्यावरून रामबागेत महाभारत झालं होतं. दादाचं घर जुनं, भिंती हातभर जाड. पुढच्या खोलीतलं वायफाय माजघरापर्यंत पोहोचायचं नाही. भाच्याने सिल्व्हर मॉलमधून दुसरा राउटर आणला, दोन्हींना एकच नाव-पासवर्ड दिला आणि मधे केबल टाकली. दोन दिवस छान. मग वहिनींचा फोन बंद, टीव्ही चालू. संध्याकाळी टीव्ही बंद, वहिनींचा फोन चालू. सूनबाईंचा लॅपटॉप मनाला येईल तसा. ज्याने त्याने आपापल्या फोनला दोष दिला, दादाने कंपनीला. सूनबाई म्हणाली, "आत्या, तुम्हीच या." मी जाऊन पत्ते बघितले. ज्यांचं चालत होतं त्यांचे १९२.१६८.१ चे, ज्यांचं बंद त्यांचे १९२.१६८.० चे. केबल नव्या राउटरच्या वॅन पोर्टऐवजी (बाहेरून नेट आत घ्यायचं भोक) लॅनमध्ये (घरातली यंत्रं जोडायचं भोक) खोचलेली होती. त्यामुळे घरात पत्ते वाटणारे दोघे झाले होते. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता फोन घ्यायचा, आणि नव्या राउटरने दिलेल्या पत्त्यावर बाहेर जायला वाटच नव्हती. केबल काढून वॅनमध्ये लावली, सगळे फोन एकेकदा बंद-चालू केले, झालं. नव्या राउटरचं पत्ते वाटणं बंद केलं असतं तरी चाललं असतं. भाचा म्हणाला, "भोकं सगळी सारखीच दिसतात ना." हे मात्र खरं, वॅनचा रंग वेगळा असतो, पण माजघरात उजेड कुठे असतो.

आता तक्रार नोंदवताना "नेट चालत नाही" एवढंच सांगू नका. कोणता दिवा कोणत्या रंगाचा, किती वाजल्यापासून, घरातल्या सगळ्याच फोनवर का, शेजाऱ्याकडे काय, आणि डबा बंद करून पाहिला का, हे एका दमात सांगा. समोरचा कागद वाचून पहिल्यापासून विचारत असेल तर विचारू द्या, पण तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. आणि मला विचारायचं असेल तर साधा फोन करा. वायफाय गेलेलं असताना त्याच वायफायवरून व्हॉट्सॲप कॉल लावून "आत्या उचलत नाही" म्हणणारे दोघे आपल्याच घरात आहेत.