आमची वाटचाल : गोदी, डार्करूम आणि एक जुना हिशोब

आमच्याकडे समारंभाचे फोटो काढून मिळत नाहीत, हे आधीच सांगतो. आम्ही बंदरं टिपतो. क्रेन, सायलो, गोदामं, सुक्या गोदीचे दरवाजे. काम फक्त कृष्णधवल, फक्त फिल्मवर, आणि धुलाई-छपाई आमच्याच डार्करूममध्ये.

सुरुवातीला आम्ही दोघं भागीदार, एक जुना चार-बाय-पाच इंची फिल्मचा कॅमेरा आणि कुणीतरी मोडीत काढलेला एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर छापायचं यंत्र. काम मिळालं ते कंटेनरच्या कृपेने. १९५६ मध्ये 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन निघालं, १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अलमेडाला कंटेनरसाठीची पहिली गँट्री क्रेन उभी राहिली, आणि पोती-पिंपांसाठी बांधलेली मजल्या-मजल्यांची गोदामं हळूहळू जगभर निकामी झाली. पाडायच्या आधी त्यांची नोंद हवी म्हणून बंदरवाले फोटोग्राफर शोधायचे. नोंद म्हणजे सरळ, सपाट, ढगाळ उजेडातला फोटो. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन फोटोग्राफर जोडप्याने १९५९ पासून तेच आयुष्यभर केलं आणि १९९० च्या व्हेनिस बिएनालेत त्यांना बक्षीस मिळालं तेही शिल्पकलेचं. त्यांच्याबद्दल आदर आहे. पण तसंच काढायचं तर आमची गरज काय?

आमचा प्रयोग असा. एकच क्रेन आधी ऑर्थो फिल्मवर घ्यायची. ऑर्थोला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे गंज आणि शेंदरी प्रायमर काळाठिक्कर पडतो, आभाळ पांढरं होतं. मग कॅमेरा तसूभरही न हलवता सगळे रंग दिसणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आणि २५ नंबरचा लाल फिल्टर. आता गंज उजळतो, निळं आभाळ काळवंडतं. दोन्ही निगेटिव्ह एकाच कागदावर अर्ध्या-अर्ध्या एक्स्पोजरने छापायच्या. जे स्थिर होतं ते ठाम उमटतं, मधल्या वेळात बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, जिथून जिथे गेली तिथे दोन अर्धवट बूम दिसतात. सांगायला सोपं आहे. दोन निगेटिव्ह कागदावर तंतोतंत बसवायला लागतात तेव्हा कळतं.

हे पहिल्यांदा कुणाला पटलं असेल तर ते गोदीतल्या एका इंजिनिअरसाहेबांना. क्रेनच्या देखभालीचं काम त्यांच्याकडे. त्यांची अट एकच, "रिव्हेट मोजता आले पाहिजेत." आम्ही त्यांना नोंदीचा कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेली छपाई, द्यायचो आणि उरलेल्या उजेडात आपलं काम करायचो. एकदा त्यांनी ती जोड-छपाई वाळत घातलेली पाहिली, बराच वेळ भिंगातून बघत राहिले आणि म्हणाले, "हिचा पिन घासलाय. बूम वर येताना किंचित बाजूला जाते, बघा." खरंच दोन बूम समांतर नव्हत्या. तेव्हापासून प्रत्येक क्रेनची आमची छपाई ते स्वतःच्या खिशातून विकत घेत, आणि भाव कमी करा असं एकदाही म्हणाले नाहीत. असं गिऱ्हाईक नशिबानेच मिळतं.

पुढची काही वर्षं बरी गेली.

मग १ जुलै २००४ ला जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता, आयएसपीएस, लागू झाली. जिथे आम्ही फाटकावर नुसता हात करून आत जायचो, तिथे पास, सोबतीला माणूस, हेल्मेट, चमकतं जाकीट आणि 'ट्रायपॉड कशाला?' हा प्रश्न. भरतीबरोबर हलणारं जहाज पुसट आणि धक्का लख्ख यावा म्हणून आम्हाला लांब एक्स्पोजर लागतं. एचपी-फाइव्ह प्लस फिल्मवर उजेडाच्या मीटरने एक मिनिट सांगितलं तर रेसिप्रॉसिटीमुळे, म्हणजे लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते म्हणून, साडेतीन मिनिटं द्यावी लागतात. सोबतच्या माणसाचा संयम त्याच्या निम्म्यातच संपतो. त्याच सुमारास कृष्णधवल कागद आणि फिल्म बनवणारे कारखाने एकेक करून बंद पडत होते.

आणि नेमका त्याच वेळी आमच्याकडचा मुलगा बाहेर पडला. फिल्म धुवायची टाकी कशी हलवायची इथपासून सगळं आमच्याकडे शिकलेला. नाव घेत नाही. त्याने डिजिटल कॅमेरा घेतला, स्वतःचा स्टुडिओ काढला आणि बंदराचं वार्षिक नोंदीचं काम आमच्या हातून गेलं. त्याचं काही नाही, धंदा आहे. पण त्याने त्या फोटोंचं प्रदर्शन लावलं आणि पाटीवर लिहिलं, 'फिल्मवरील हस्तछपाई'.

मी गेलो. ग्रेन, म्हणजे फिल्मचा रवाळपणा, काळ्यात, करड्यात, पांढऱ्यात सारखाच. खऱ्या छपाईत ग्रेन दिसतो तो मधल्या करड्यात. गडद काळ्यात आणि कोऱ्या पांढऱ्यात तो बुडून जातो. म्हणजे हा डिजिटल फोटोवर वरून चढवलेला. हे इतपत ठीक, कुणीही करतं. पण एका आभाळात बारीक काळी आकडी दिसली. शेजारच्या फोटोतही तीच. तिसऱ्यात उलट तोंडाची. छापताना निगेटिव्हवर धूळ असेल तर कागदावर पांढरी खूण येते. काळी येते ती एक्स्पोजरच्या वेळीच फिल्मवर काही पडलेलं असेल तर. ही आकडी मी ओळखली, कारण ती आमच्या फिल्म होल्डरमध्ये अडकलेल्या ब्रशच्या केसाची होती. करड्या आभाळाची आमची एक चाचणी-निगेटिव्ह त्याने जाण्याआधी स्कॅन करून नेली होती आणि आमचा ग्रेन प्रत्येक फोटोवर पसरला होता!

मूळ निगेटिव्ह घेऊन मी काम देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण दिसतंय छान ना?" यावर काय बोलणार? आजही तो प्रसंग आठवला की डेव्हलपरचं तापमान नीट बघवत नाही.

भागीदाराने तेव्हा अंग काढून घेतलं. एन्लार्जर विकायला काढला होता. वाचवलं इंजिनिअरसाहेबांनी. ते निवृत्त होत होते, आणि काढून टाकायच्या जुन्या क्रेनची पूर्ण मालिका त्यांना हवी होती. परवानगीची खटपट त्यांनीच केली. म्हणाले, "मार्सेच्या बंदरावरचा तो लोखंडी पूल मोहोली-नॉज आणि जर्मेन क्रुल या फोटोग्राफरांनी टिपला म्हणून आज तो कसा होता ते कळतं. १९४४ मध्ये तो सुरुंगाने उडवला." त्या मालिकेवर आम्ही तरलो. नंतर तरुण मंडळी फिल्मकडे परत वळली आणि रोल धुवायला येऊ लागले.

त्यांना दोन गोष्टी सांगतो, विचारलं नसलं तरी. ट्रायपॉड क्रेनच्या रुळाजवळ लावू नका. लांबच्या क्रेनचा हादराही रुळातून येतो. आणि रॉडिनल हा डेव्हलपर पाण्यात एकास शंभर करून तासभर टाकी न हलवता ठेवायची फॅशन आहे, ती धुक्यातल्या सायलोला शोभते. सलग आभाळावर कडेने पट्टे उमटतात आणि मग लोक लॅबला दोष देतात. समुद्राच्या पाण्यात फिल्म धुण्याबद्दलही विचारणा होते. खाऱ्या पाण्याने हायपो, म्हणजे फिल्म पक्की करणारं रसायन, लवकर निघतो हे खरं आहे, तो काढून टाकणाऱ्या 'हायपो क्लिअरिंग' द्रावणाची कल्पना तिथूनच आली. पण शेवटचं पाणी गोडंच हवं, नाहीतर मीठ राहतं.

सध्या ऑर्डर घेतो आहोत. फायबर कागद, सेलेनियम टोनिंग, घाई असेल तर येऊ नये. निगेटिव्ह विकत नाही. स्कॅनही देत नाही, मोठा असो की छोटा.