लेकरांना घेऊन गाविलगडाच्या रानात

मेळघाटात पायी फिरायचं म्हटलं की पहिली अडचण परवानगीची. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात गाडीतून पाय खाली ठेवू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून चार ते आठ वर्षांची लेकरं सोबत असली की आम्ही चिखलदऱ्याजवळचा गाविलगड निवडतो. गावापासून दोनेक किलोमीटर. आत पडके दरवाजे, तलाव, मशिदी आणि सगळीकडे सागाचं रान. प्रवेशाच्या नाक्यावर शुल्क भरतानाच फाटक कधी बंद होतं ते विचारून घ्यायचं.

परतवाड्याहून घाट चढून त्याच सकाळी लेकरांना चालायला लावू नये. वळणांवर त्यांना ओकाऱ्या होतात, पोटात काही टिकत नाही, आणि गडावर अर्ध्या तासात पाय गळतात. आदल्या दुपारी पोचून मुक्काम करावा. ते जमत नसेल तर घाटाआधी दूध आणि तेलकट टाळून कोरडी पोळी नाहीतर मुरमुरे द्यावेत.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर अर्धा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात चिखलदरा सुंदर दिसतो, पण धुक्यात तलावाचा काठ कळत नाही आणि दगडी पायऱ्या शेवाळलेल्या असतात. ऑक्टोबरात गवत लेकरांच्या डोक्यावर जातं. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो आणि पहाटे अस्वल तो वेचायला झाडाखाली येतं; त्या दिवसांत सकाळची रानवाट आम्ही धरत नाही.

आता वेळेचं, कारण बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. चार-पाच वर्षांचं लेकरू रानात तासाला एक-दीड किलोमीटर चालतं, तेही मूड असला तर. जाताना पुढचा दरवाजा बघायच्या ओढीनं सगळे पळतात. परतताना बघायला नवीन काही उरलेलं नसतं, म्हणून तीच वाट लांबते. आम्ही साडेसातला निघालो तर पावणेनऊला माघारी फिरतो, मग समोर तलाव दिसत असला तरी. सव्वा तास आत, पावणेदोन तास बाहेर, असं धरलं की ऊन चढायच्या आत गाडीशी पोचता येतं. दुपारी जायचं तर चारच्या आत माघारी वळलंच पाहिजे. डिसेंबरात सूर्य सहाच्या आधी बुडतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं.

सर्वांत लहान लेकरू कधीतरी उचलून घ्यावं लागणारच, ते गृहीत धरा. खांद्यावर बसवू नका. फांद्या त्याच्या तोंडावर येतात आणि पायऱ्या उतरताना आपला तोल जातो. जुन्या सुती लुगड्याचा अडीच मीटर तुकडा घेऊन पाठीशी बांधावं, कोरकू बाया बांधतात तसं. दोन्ही हात मोकळे राहतात. घरी एकदा बांधून, दहा मिनिटं चालून बघा; गाठ सैल असली की लेकरू कंबरेपर्यंत घसरतं आणि वजन सगळं मणक्यावर येतं.

शाळेचे कॅनव्हासचे बूट नकोत. त्यांचा तळ गुळगुळीत असतो, आणि वाळलेल्या सागपानांच्या थरावरून उतारावर पाय सरळ निसटतो. खाचांचे, आधी वापरलेले स्पोर्ट्स बूट चांगले. पँट पूर्ण लांबीची, आणि मोजे तिच्यावरून ओढलेले. लोकरी मोजे आणि स्वेटर मात्र कुसळं धरून ठेवतात. एक कुसळ टोचत राहिलं की लेकरू पुढे पाऊल टाकत नाही, आणि ते शोधण्यात पंधरा मिनिटं जातात. वरून गुळगुळीत कापडाचं जर्किन बरं. नऊनंतर ते उतरवावं लागतंच, तेव्हा मोठ्यांच्या पिशवीत जागा ठेवा.

पाणी हिवाळ्यातही माणशी दीड लिटर, लेकराला पाऊण. खायला फुटाणे, गूळ-शेंगदाणे, तिखटमिठाच्या पुऱ्या. प्लास्टिकची पिशवी वाजली की वानरं जवळ येतात, म्हणून सगळं स्टीलच्या डब्यात. वानराला खाऊ देणं हा सगळ्यांत वाईट लाड. पुढच्या वेळी ते लेकराच्या हातातून ओढतं. संत्र्याची सालं परत आणायची.

चालताना एक मोठा पुढे, एक मागे, लेकरं मध्ये. वळणाआधी बोलत राहायचं, कारण अचानक समोर आलेलं अस्वलच अंगावर येतं. दुरून चाहूल लागली तर ते बाजूला होतं. लघवीला झुडपाआड पाठवू नका. वाटेच्या कडेला, मोकळ्यावर, शेजारी मोठं माणूस उभं. खाली बसलेलं लेकरू बिबट्याला भक्ष्य वाटू शकतं.

दरवाजाच्या कमानीखाली शिरण्याआधी मान वर करून आग्या मोहोळ आहे का बघा. असेल तर अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. माश्या उठल्याच तर लेकराचं तोंड दुपट्ट्यानं झाकून, हात न झटकता, गाडीकडे पळायचं. तलावात उडी मारून उपयोग नसतो, माश्या वर घिरट्या घालत राहतात. कुणी कोणतं लेकरू उचलायचं हे निघतानाच ठरलेलं असावं.

वेलीवरच्या तपकिरी, मखमली शेंगा लेकरांना हमखास आवडतात. ती खाजकुइरी. चोळली की तिची लव आणखी रुतते. आधी चिकटपट्टी लावून उपटायची, मग धुवायचं.

लेकरांना रमवायला तोफा आणि दरवाजावरची शार्दूल (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) आणि गंडभेरुंड (दोन तोंडांचा पक्षी) यांची शिल्पं पुरतात. त्यातल्या मोठ्यांना १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा गड कसा घेतला, ते तटाशी उभं राहून सांगता येतं. तलावांजवळ मात्र हात सोडायचा नाही.

साप चावल्यास चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही. लेकराला चालू न देता उचलून गाडीत घ्या आणि चिखलदऱ्याचं ग्रामीण रुग्णालय गाठा. रानात मोबाईलची रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे १०८ च्या भरवशावर गाडी लांब ठेवू नका.

मुक्कामी आलं की कपडे बाहेरच झटकून गोचीड बघायची: कानामागे, काखेत, कंबरेच्या नाडीखाली. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढली की निघते. रॉकेल किंवा काडीचा चटका लावू नये. गोचीड आतच लाळ सोडते. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा.